वहिनीनं सा बंद केला

भन्तेजी, वंदामि. जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मी शकुंतला. बरेचजण ओळखता. जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्या बाईच्या फोटोपुढे आपण आत्ता मेणबत्त्या लावल्या, त्या विमलची मी नणंद. तिचा नवरा प्रकाश हा माझा मधला भाऊ. नारायणगुड्याच्या शाळेत मी सगळा जन्म मराठी शिकवलं. वर्गभर पोरं गोंधळ घालत असायची, पण माझा घसा कधी बसला नाही.

नणंद भावजयीविषयी बोलायला उभी राहिली की लोक कान टवकारतात. टवकारा. बिनधास्त टवकारा. आज मला ऐकणारे कानच पाहिजेत.

सकाळी आमच्या दादांनी मला बाजूला घेतलं. दादा म्हणजे आमचे थोरले भाऊ, हे समोर पहिल्या रांगेत बसलेत. म्हणाले, "शकू, चांगलं बोल. विमल शांत होती, सोशिक होती, प्रकाशच्या आजारपणात तिनं सेवा केली, ते सगळं बोल. पण त्या गिटारचं काही काढू नको. चारचौघात हसं नको."

दादा, तुम्ही मोठे. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय. तुमचा शब्द मी सहसा मोडत नाही. आज मोडते. आज मी त्या गिटारचंच बोलणार आहे. आणि पहिल्यांदा हे सांगते की ती गिटार नाही. तिचं नाव त्रेस. ही बघा, माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलीय. खोळीत आहे, पण आहे.

आणखी एक. फोटोच्या मागून हा बारीक सूर येतोय, ऐकू येतोय ना? इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आहे ती. दादांनी सकाळपासून लावून ठेवलीय. म्हणाले, विमलला संगीताची आवड होती, तिच्या सभेत सूर पाहिजे. हेतू चांगला आहे. राहू द्या सध्या. त्या पेटीकडे मी शेवटी येते.

मित्रहो, विमल कुठून आली ते आधी ऐका.

ती नांदेडकडच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीचा महिना आला की गावोगाव कार्यक्रम. वडील पेटीवर, भाऊ गायला, चुलता ढोलकीवर. आणि विमल? विमल सगळ्यांच्या मागे बसून सूरपेटीचा भाता हलवायची. सूरपेटी तुम्हाला माहीत आहे. तिच्यातून गाणं येत नाही, एकच सूर येतो, सा. तो धरून ठेवायचा. गाणारा बदलला, गाणं बदललं, ऐकणारे उठून गेले, नवे आले, तरी विमलचा सा चालू. तिला गाता येतं का, हे कोणी विचारलं नाही. तिनंच मला एकदा सांगितलं होतं, "शकूताई, टाळ्या पडायच्या ना, तेव्हासुद्धा माझे हात भात्यात अडकलेले असायचे."

लग्न होऊन ती तारनाक्याला आमच्या घरी आली. प्रकाश रेल्वेत, ही आबिड्सला एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट. आमचं घर तुम्ही पाहिलंय. बाप तापट, आई त्याहून तापट, दादा कडक, मी तोंडाळ. कोणी कोणत्याही पट्टीत ओरडावं, आणि विमलनं खालून सा धरावा. ऑफिसातून येऊन धरावा, अंगात ताप असताना धरावा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धरला. प्रकाशला पक्षाघात झाला तेव्हा धरला. आज सगळे म्हणतात, किती शांत बाई! अहो, शांत कसली? काम होतं ते तिचं. नेमून दिलेलं. आणि ती नेमणूक करताना तिला कोणी विचारलं नव्हतं. हे मी आज तिच्या फोटोसमोर म्हणते, कारण ती असताना असं म्हटलं की ती "जाऊ द्या ना शकूताई" म्हणून विषय मोडायची.

मग प्रकाश गेला. मिलिंद नोकरीसाठी परगावी. मिलिंद हा तिचा मुलगा, तिकडे खांबाजवळ उभा आहे. घर रिकामं झालं. वहिनीनं वरची खोली भाड्यानं दिली. आमच्या तारनाक्याला विद्यापीठामुळे देशोदेशीची पोरं येतात, तुम्हाला माहीतच आहे. तशी एक मुलगी आली. क्युबाची, इंग्रजी शिकायला आलेली. नाव मारिएला.

एका दुपारी वहिनी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. मी शेजारी बसून तिला कसल्यातरी लग्नातल्या भांडणाची बातमी देत होते. मारिएलाच्या खोलीतून वाजणं सुरू झालं. तार झणझणती, पण सतार नाही. मेंडोलिन म्हणावं तर तेही नाही. आणि ठेका असा की पाय आपोआप हलावा. वहिनीचा मिरच्या पसरणारा हात थांबला. माझं भांडण ऐन रंगात आलं होतं, आणि ही बाई मला म्हणते, "शकूताई, जरा गप्प बसा."

मित्रहो, वहिनीनं मला गप्प केल्याची ती पहिली वेळ. मी एवढी चकित झाले की खरंच गप्प बसले.

ती मिरच्यांच्या हातानं उठून दारात गेली. मारिएलानं तिला आत बोलावलं. एकीचं हिंदी मोडकं, दुसरीचं इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांपुरतं. वहिनीनं विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, त्रेस. आमच्या भाषेत त्रेस म्हणजे तीन. वहिनी म्हणाली, "तारा तर सहा दिसतात." ती म्हणाली, तीन जोड्या. आणि तिनं तिन्ही जोड्या मोकळ्या छेडल्या. वहिनी ऐकून म्हणाली, "प, सा, ग." त्या मुलीनं परत छेडल्या. वहिनी परत म्हणाली, "प, सा, ग." मग वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "शकूताई, हे तर ओळखीचे निघाले."

तिथून सुरू झालं. खालून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वर जायची, वरून त्रेसचा धडा खाली यायचा.

आणि मग लोकही सुरू झाले. लोकांना काय, निमित्तच पाहिजे. साठी बुद्धी नाठी, म्हणाले. म्हातारचळ लागला, म्हणाले. विहारातल्या काही बायकांनी मला विचारलं, नवरा जाऊन किती दिवस झाले आणि ही वाजवत काय बसते? नाही, खाली बघू नका, मी नावं घेणार नाही. कोपऱ्यावरचा ऑटोवाला चांगला माणूस, त्यानंही सल्ला दिला. "अम्मा, रिटायर हो गए ना, अब क्या सीखते आप? आराम करो." वहिनी ऑटोत बसत म्हणाली, "आराम तुम करो बेटा, मेरेकू टाइम नै."

शिकणं संपलं आणि मारिएला तिच्या देशाला गेली, तिची त्रेस घेऊन. सगळ्यांना वाटलं, संपलं खूळ. वहिनीनं काय केलं? मिलिंदची कॉलेजातली गिटार माळ्यावर धूळ खात होती. ती काढली, पुसली आणि आम्ही दोघी आबिड्सला वाद्यांच्या दुकानात गेलो. वहिनीनं समजावून सांगितलं की या सहा तारांच्या तीन जोड्या करून पाहिजेत, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी बदला, खाचा दोन-दोन जवळ करा. दुकानदार हसला. म्हणाला, "अम्मा, ऐसा नै होता. गिटार में छे तार अलग-अलग रहते. जोड़ी का नै रहता."

वहिनी म्हणाली, "आज से रहता."

ऐकलंत? आज से रहता. मी तिच्या शेजारी उभी होते. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्या माणसानं मुकाट्यानं गिटार हातात घेतली.

तर ही ती त्रेस. आता तुम्हाला जरा वाद्यातलं सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही फार कळत नाही.

सूर एकदम न वाजवता एकेक करून, जिना चढल्यासारखे वाजवायचे, त्याला ते लोक आर्पेजिओ म्हणतात. सा, ग, प असे चढा. गोड वाटतं. जिथून निघालो तिथं परत येतो, बरं वाटतं. मारिएलानं वहिनीला तिकडून फोनवर पुढचा धडा पाठवला. तिथं नेट कमी, म्हणून बोलणं समोरासमोर व्हायचं नाही. ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, ही रेकॉर्ड करून उत्तर द्यायची. धडा होता आगमेंटेड आर्पेजिओचा. म्हणजे काय? तर त्यातला पंचम उचलायचा आणि अर्धी पायरी वर ढकलायचा. सा, ग आणि पंचमाच्या जागी कोमल ध. एवढंच.

एवढंच म्हणते मी. पण आपल्याकडे काय शिकवतात? सा आणि प अचल. बाकीचे सूर हलतील, कोमल होतील, तीव्र होतील, पण हे दोघं जागचे हलत नाहीत. आमचे दादा तरुणपणी बाजाची पेटी शिकलेत. ते वहिनीला म्हणाले, "विमल, पंचमाला हात लावत नसतात. तो अचल आहे."

वहिनी म्हणाली, "दादा, इथं तर एका बोटानं हलतो. पुढच्या पडद्यावर दाबला की झालं."

दादांना ते आवडलं नाही. आणि खरं सांगू, तेव्हा वहिनीला स्वतःलाही ते अजून नीट जमत नव्हतं. त्याचीच गोष्ट मला सांगायचीय.

ती रोज सकाळी ही इलेक्ट्रॉनिक पेटी लावायची. हो, हीच, फोटोमागे आहे ती. सा सुरू झाला की मग त्रेस हातात. आपल्याकडचं कुणीही असंच करेल, सा लावल्याशिवाय रियाज कसला? तिनं बरेच दिवस घोटलं. बोटांना घट्टे पडले. मग रेकॉर्ड करून मारिएलाला पाठवलं. मारिएलाचं उत्तर आलं. वहिनीनं ते मला ऐकवलं. मुलगी म्हणत होती, "विमला, बोटं बरोबर पडतायत. पण मागे काहीतरी सारखं घूं घूं करतंय. तुमचा फ्रिज आहे का?"

फ्रिज! वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "फ्रिज म्हणते, शकूताई! सा आहे तो! माझ्या बापाचा सा!" मी हसून लोळायची बाकी राहिले. तिनं मारिएलाला कळवलं की हा फ्रिज नाही, आमच्या संगीताचा पाया आहे. मारिएलाचं परत आलं, "माफ करा. पण या धड्याला तो बंद करा. तो चालू असेल तर तुम्हाला हे तीन सूर कधीच ऐकू येणार नाहीत."

वहिनीनं ऐकलं नाही. सा बंद करायचा म्हणजे काय? मग उभं कुठं राहायचं? ती पेटी लावूनच वाजवत राहिली. मारिएला म्हणायची, आज ग पासून सुरू करा, आज ध वर थांबा. ही ग पासून सुरू करायची आणि बोट आपोआप घसरत सा वर यायचं. दर वेळी सा वर. लहानपणापासून भाता हलवलेला हात तो, दुसरीकडे कुठे जाणार? एकदा तर तिनं त्रेस पलंगावर टाकली आणि रडली. प्रकाश गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, पण त्या धड्यासाठी रडली. मी म्हटलं, "वहिनी, सोडून दे बाई, दुसरा धडा घे." ती म्हणाली, "नाही. हाच."

आणि एका सकाळी तिनं हात लांब करून पेटीचं बटण बंद केलं. मी तिथंच भाजी निवडत होते. तुम्हाला कसं सांगू, त्या खोलीत मी इतकी वर्षं येत होते आणि तिथली शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पंख्याचा आवाज आला. खाली कोणीतरी कूकर लावला होता. वहिनी घाबरलेली दिसत होती. मग तिनं ग वाजवला. मग कोमल ध. मग वरचा सा, पण या वेळी तिथं थांबली नाही, पुढे परत ग, परत ध. हात त्रेसच्या गळ्यावर वर सरकवत गेली. आणि ध वर थांबली.

ते सूर खाली आलेच नाहीत, तिथंच राहिले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शकूताई, या तिघांत सारखं अंतर आहे. बघा, सा पासून ग जेवढा लांब, तेवढाच ग पासून ध, तेवढाच ध पासून सा. कुठूनही सुरू करा, कुठंही थांबा. यात मोठा कोणी नाही. कोणाला मागे बसून दुसऱ्याला धरून ठेवायला लागत नाही."

मी भाजी निवडायची विसरले. मला वाद्यातलं कळत नाही, पण हे कळलं. आपल्या वस्तीत ज्यांना शाळेत मागे बसवलं त्यांची लेकरं आहोत आपण. सारखं अंतर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला लागत नाही.

यानंतर प्रकाशचा स्मृतिदिन आला. तुमच्यातले बरेचजण त्या दिवशी घरी होता. जेवणं झाली, चार माणसं बोलली आणि वहिनी म्हणाली, "मी पण काहीतरी वाजवते." लोक सरसावून बसले. काहींनी एकमेकांकडे बघितलं, तेही मी बघितलं. तिनं हाच आर्पेजिओ वाजवला. सावकाश, एकेक सूर. चढत गेली आणि वरच्या ध वर थांबली. बोट तारेवर तसंच.

आणि त्या शांततेत आमच्या दादांनी सा लावला.

आठवतं ना सगळ्यांना? गुणगुणले नाहीत, चक्क लावला. आ करून. पेटी शिकलेला माणूस, त्यांना तो ध तसा लटकलेला सोसवेना. न राहवून त्यांनी तो खाली उतरवला. आणि खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. घेतलात की नाही? मीही घेतला. चूल विझली की नाही बघून आल्यावर बरं वाटतं ना, तसं वाटलं.

वहिनीनं मान वर केली. "दादा, का उतरवलंत? मी मुद्दाम वर ठेवलं होतं."

दादा म्हणाले, "अगं, अर्धवट सोडलंस तू. पुरं केलं मी."

ती म्हणाली, "अर्धवट नव्हतं दादा. पुरं होतं. ते तसंच असतं."

सगळ्या समाजासमोर विमल थोरल्या दिराला नाही म्हणाली. आवाज न चढवता, मान खाली न घालता. दादा उठून गेले आणि त्यानंतर त्रेसचा विषय त्यांनी त्या घरात काढला नाही. लोकांनी काय बोलायचं ते बोललंच. म्हणाले, विमल बदलली, वाजवायला लागल्यापासून उद्धट झाली. मी आज विचारते, उद्धट म्हणजे काय हो? बाईनं जन्मभर तुमचा सूर धरला तर ती शांत, आणि एकदा स्वतःचा वाजवून त्यावर थांबली तर उद्धट? हा कुठला न्याय? कोणत्या घरचा?

आणि तिला रागीट समजू नका. पुढे ती स्वतः आजारी पडली, आजार बळावला आणि ती दवाखान्यात होती, तेव्हा दादा रोज मोसंबी घेऊन यायचे. बोलायचे नाहीत, सोलून द्यायचे फक्त. ते गेले की वहिनी मला म्हणायची, "मला दादांचा राग नाही शकूताई. ज्यांचा कान कच्चा, ते त्या दिवशी तसेच बसून राहिले. दादांचा कान पक्का, म्हणून त्यांना राहवलं नाही." दादा, हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं होतं. सांगितलं.

सलाईननं तिचा डावा हात सुजला होता. तरी पलंगाच्या दांडीवर बोटं चालायची. नर्सनं तेलुगूत हाक मारून विचारलं, "एमंडी अम्मा, काय करता?" ही म्हणाली, "पाठ करते, विसरायला नको." तिथंच एका दुपारी ती मला म्हणाली, "माझ्या सभेत कोणी मला सोशिक म्हटलं तर तुम्ही उठून उभ्या राहा. आणि पेटी लावू नका. खूप वर्षं लावली मी. आता नको."

मी म्हटलं, "असं काही बोलू नको." ती म्हणाली, "नक्को कायकू? तुमच्याइतकं मोठ्यानं बोलणारं आहे कोण आपल्या घरात?"

म्हणून उभी राहिलेय. तिनं सांगितलं म्हणून.

आता शेवटचं. दादांनी असं ठरवलंय की या वाद्याच्या तारा काढायच्या, जुनी पट्टी बसवायची, नीट सहा तारांची गिटार करायची आणि वस्तीतल्या शाळेला द्यायची, विमलच्या नावानं. शाळेला जरूर द्या गिटार. मी नवी घेऊन देते, पेन्शन आहे मला. पण ही नाही. दादा, ही नीटच आहे. हिच्यात दुरुस्त करायचं काही नाही. त्या दिवशी तो ध पुरा होता, तशी ही पुरी आहे. मिलिंदला मी विचारलंय. तो म्हणाला, "आत्या, तू ठेव. आईनं तुलाच द्यायची म्हटलं होतं." ज्या कुणाला हरकत असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याशी बोलावं. मी घरीच असते, आणि मला बोलायला आवडतं.

ही माझ्याकडे राहील, आणि नुसती भिंतीला टांगलेली राहणार नाही. या वयात माझी बोटं वळत नाहीत, तार छेडायची नखी हातात धरली की पडते. तरी मारिएलाला मी निरोप पाठवलाय की विमलाची नणंद शिकायला बसतेय. तिचं उत्तर आलं, रडत होती पोरगी. आणि म्हणाली, पहिला धडा प, सा, ग. मी कळवलं, ते मला ओळखीचे आहेत. मला थेट विमलचाच धडा दे.

मला आज एवढेच तीन सूर येतात. तेही कसेबसे. खोळ काढते. थांबा, जरा सुटत नाही गाठ. वहिनी गाठी घट्ट मारायची. हं, सुटली.

आता ती पेटी. नको दादा, उठू नका. मी करते.

बंद झाली.

ऐकू येतंय? पंखा आहे. बाहेर ऑटो चाललाय. बाकी काही नाही. वहिनीनं त्या सकाळी हेच ऐकलं होतं.

मी वाजवणार आहे आणि त्यानंतर आपण दोन मिनिटं उभं राहून मौन पाळू या. मी ध वर थांबेन. तुमच्या घशात सा येईल. मला माहीत आहे, माझ्याही येतो. येऊ द्या, पण बाहेर काढू नका. ज्या बाईनं आपल्या सगळ्यांचा सा जन्मभर धरला, तिच्यासाठी दोन मिनिटं तो गिळून उभे राहा. तिचा ध वर आहे तिथंच राहू द्या. त्याला कोणी उतरवायचं नाही.

वहिनी, जय भीम.

उभे राहा सगळे. ओठ मिटा.

दादा, तुम्हीसुद्धा.